पेंग्विन शब्दाची कुळकथा

पेंग्विन म्हटले म्हणजे काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, बर्फावरून डुलत चालणारा पक्षी डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु हे नाव मुळात त्याचे नव्हे. ते दुसऱ्याच एका पक्ष्याचे होते, आणि तो पक्षी आज पृथ्वीच्या पाठीवर उरलेला नाही.

त्या पक्ष्याला इंग्रजीत आता ‘ग्रेट ऑक’ म्हणतात. उत्तर अटलांटिक महासागरातील खडकाळ बेटांवर त्याची वस्ती असे. त्याची उंची सुमारे पाऊण मीटर, वजन सुमारे ५ किलोग्रॅम. पंख आखूड असल्यामुळे त्याला उडता येत नसे. पाण्यात मात्र तो अत्यंत चपळ होता. सोळाव्या शतकात न्यूफाउंडलंडकडे जाणारे खलाशी त्यालाच पेंग्विन म्हणत.

पुढे १५७८ साली फ्रान्सिस ड्रेकची गलबते दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरली. तेथील बेटांवर तसेच काळेपांढरे, न उडणारे पक्षी खलाशांना दिसले. ओळखीचे नाव त्यांनी या अनोळखी पक्ष्यांना दिले. वास्तविक ही दोन्ही कुळे अगदी निराळी आहेत. पोहून मासे पकडण्याच्या सारख्या जीवनक्रमामुळेच त्यांची शरीरे सारखी घडली.

आता या शब्दाचा अर्थ काय? वेल्श भाषेत ‘पेन’ म्हणजे डोके आणि ‘ग्विन’ म्हणजे पांढरे. यावरून पेंग्विन म्हणजे ‘पांढऱ्या डोक्याचा’, असे काही विद्वान मानतात. परंतु ग्रेट ऑकचे डोके काळे होते. डोळ्यापुढे तेवढा एक मोठा पांढरा ठिपका असे. दुसऱ्या काहींच्या मते या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘पिंग्विस’, म्हणजे लठ्ठ, या शब्दात आहे. या प्रश्नावर विद्वानांत अद्याप एकमत झालेले नाही.

फ्रेंच लोकांनी मात्र हा घोटाळा टाळला. ‘पँग्वँ’ हे नाव त्यांनी उत्तरेकडील ऑक कुळाकडेच ठेवले, आणि दक्षिणेकडील पक्ष्याला ‘मांशो’, म्हणजे थोटा, असे म्हटले.

मूळ पेंग्विनची कहाणी मात्र करुण आहे. जमिनीवर त्याला वेगाने पळता येत नसे. मांस, चरबी आणि पिसे यांच्यासाठी माणसांनी त्याची बेसुमार हत्या केली. १८४४ च्या जून महिन्यात आइसलंडजवळील एल्डे बेटावर त्यांची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. ‘पिंग्विनस इंपेनिस’ या शास्त्रीय नावात तेवढी त्याच्या जुन्या नावाची खूण राहिली आहे.

पक्षी गेला, पण त्याचे नाव दुसऱ्याच्या अंगावर नांदत आहे. शब्द असेच असतात. त्यांचा माग काढीत गेल्यास भाषेबरोबरच माणसाच्या धाडसाचा, आणि कधी त्याच्या अविचाराचाही, इतिहास हाती लागतो.