करकोच्याची चोच

दोस्तांनो, आईच्या नाहीतर आजीच्या शिवणाच्या डब्यात कधी डोकावलात का? सुया, रिळं, बटणं, खडू, टेप... आणि नशीब असेल तर एक सोनेरी करकोचा! त्याची लांब चोच म्हणजे कात्रीची दोन पाती आणि पायांशी बोटं घालायच्या दोन कड्या. भरतकामात कापडाला लागून धागा तोडायचा असतो ना, त्यासाठी ही बारीक चोच.

पण करकोचाच का? युरोपात लहान मुलांना सांगत, "बाळ करकोच्यानं आणलं." म्हणून तिथल्या सुईणी बाळाची नाळ धरायचा चिमटा करकोच्याच्या आकाराचा वापरत. फावल्या वेळात त्या भरतकाम करत, चिमटा शिवणाच्या डब्यात पडून राही. पुढे त्याचीच कात्री झाली, असं सांगतात.

आता म्हणाल, कात्रीला एवढी नक्षी हवीच कशाला? थांबा, कात्रीचं खरं सौंदर्य नक्षीत नसतंच! मला ते फार महागात पडून कळलं.

आम्ही चिंचवडला राहायचो. बाबा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, आई घरी शिवणकाम करायची. तिची पितळी मुठीची मेरठची कात्री म्हणजे घरातली लक्ष्मीच. तिला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद! पण मी चौथीत असताना, दिवाळीच्या तोंडावर, आकाशकंदिलासाठी त्याच कात्रीनं पत्र्याची पट्टी कापली आणि गुपचूप जागेवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी आई एका बाईंचं रेशमी ब्लाउजपीस बेतत होती. कापड कापलंच जाईना. दुमडून पात्यांत अडकलं आणि टर्रकन फाटलं. आई काही बोलली नाही. नुसती त्या कापडाकडे बघत बसली. त्या बाईंना तिनं नवं कापड भरून दिलं. त्या दिवाळीत तिची स्वतःची साडी आली नाही.

रात्री मी रडत रडत सगळं कबूल केलं. बाबांनी आधी माझ्या करकटाच्या पेटीतली छोटी कात्री मिटून दिव्यासमोर धरली. "मध्ये काय दिसतं?" पात्यांमध्ये बारीकशी फट होती!

कात्रीची पाती किंचित बाकदार असतात, बरं का. मिटली की स्क्रूजवळ आणि टोकाला टेकतात, मध्ये फट राहते. कापताना ती एका वेळी एकाच ठिकाणी घासतात आणि ती जागा पुढे पुढे सरकत जाते. म्हणून कापड सरळ कापलं जातं. आईच्या कात्रीचा नेमका तोच बाक मी बिघडवला होता.

"आमच्या प्रेसवरही हेच असतं," बाबा म्हणाले. "वर पंच, खाली डाय, मध्ये मोजून ठेवलेली फट. ती चुकली की पत्र्याच्या काठाला बर येते, काठ खरखरीत होतो." आज चाकणच्या कारखान्यांत गाड्यांचा पत्रा कापतात, तोही असाच दोन धारांमध्ये.

"मग तुम्हीच लावा ना धार!" मी म्हटलं. बाबा हसले. "ते माझं काम नव्हे. त्याला धारवालाच हवा." तीन दिवसांनी सायकलवरचा धारवाला आला. त्यानं पाती घासली, स्क्रूवर हलकेच हातोडी मारली, चिंधी कापून बघितली आणि मगच पैसे घेतले.

मेरठच्या या कात्र्या गाड्यांच्या, रेल्वेच्या भंगार पोलादापासून बनतात. २०१३ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. आजोबांनी घ्यावी आणि नातवानं वापरावी, अशी त्यांची ख्याती. म्हणजे आपल्याकडे बनलेल्या एखाद्या ट्रकचं पोलाद कुणाच्या शिवणाच्या डब्यात असेल, कोणी सांगावं!

नक्षीदार धारेची हौस आपल्याकडेही होतीच की. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते बघा! पितळेचे, पशुपक्ष्यांच्या नि माणसांच्या आकाराचे. फोडायची एवढीशी सुपारी, पण थाट केवढा! दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) जन्मभर अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं. १९७५ साली तो सगळा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. पिंपरीहून मेट्रोनं मंडईला उतरलात, की पुढे चालत जाता येतं.

तिथे एक कोडं सोडवा. कात्री आणि अडकित्ता, दोन्ही तरफाच. पण टेकू कुठे आहे? कात्रीचा मधे, म्हणून ती पहिल्या प्रकारची. अडकित्त्याचा टोकाला, सुपारी मधे, म्हणून तो दुसऱ्या प्रकारचा!

आणि हो, घरी कापडाची कात्री असेल तर तिनं कागदसुद्धा कापू नका. कागदात खडूसारखी खनिजं मिसळलेली असतात, त्यांनी धार जाते. आई ओरडते ते उगाच नाही.

आईची ती कात्री आता माझ्याकडे आहे. मूठ हात लागून लागून गुळगुळीत झालीये. कापड मात्र अजून सरळ कापते.