मुलांकरितां तट्टू

माथेरान पाहून आलेलीं मुलें घरीं येतांच तट्टू मागतात. तेथें खासगी मोटारींस मज्जाव असल्यामुळें तट्टू आपली वैरण स्वतः मिळवितें; जामसंड्यास त्यास बसून खावयाचें. २०० किलोच्या तट्टास रोज सुमारें ४ किलो सुकें गवत लागतें. नुसता भाताचा पेंढा पुरेसा नाहीं. आमच्या मतें खरी अडचण पावसाळ्याची. सतत ओलींत उभें राहिल्यानें खुराचा तळ कुजतो, म्हणून तो रोज साफ करावा लागतो. शिवाय पांच-सहा वर्षांत मूल वाढून त्यास जड होतें, तट्टू मात्र २५-३० वर्षें जगतें. मग तें कोणाच्या हवालीं करावयाचें? हट्ट पुरवूं इच्छिणाऱ्या पालकांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, मुलांकडून आधीं एक सबंध पावसाळा गाईचा गोठा झाडवून घ्यावा आणि दिवाळींत त्यांस पुन्हां विचारावें.