नदीचा प्रवाह व विरघळलेल्या पदार्थांचे वहन : मुसी नदीच्या संदर्भात

प्रस्तावना :
हैदराबादमधील दिलसुखनगरच्या उत्तरेकडून मुसी नदी वाहते. शहराच्या वरच्या अंगास मुसीवर उस्मानसागर (१९२०) व तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात शहरातील पात्रात मुख्यतः सांडपाणीच वाहते. पावसाळ्यात त्याच ठिकाणच्या नमुन्यात क्षारांचे प्रमाण कमी आढळते. यावरून नदी स्वच्छ झाली, असा निष्कर्ष विद्यार्थी सहज काढतात. तो अपुरा आहे.

संहती आणि भार :
एक लिटर पाण्यात विरघळलेल्या पदार्थाचे वजन म्हणजे संहती. ठरावीक वेळात नदी वाहून नेते ते एकूण वजन म्हणजे भार. संहतीला प्रवाहाने गुणले की भार मिळतो. समजा, उन्हाळ्यात सेकंदास ५ घनमीटर पाणी वाहते व लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार आहेत. भार सेकंदास ४ किलोग्रॅम झाला. पुरात प्रवाह १०० घनमीटर व क्षार २०० मिलिग्रॅम धरल्यास भार २० किलोग्रॅम होतो. म्हणजे संहती चौपटीने घटली, परंतु भार पाचपट वाढला.

प्रवाहाचे इतर परिणाम :
पहिल्या पावसात रस्ते व गटारे धुतली जातात, म्हणून काही काळ संहती वाढूही शकते. संथ डोहात व तळाच्या वाळूत पदार्थ अडकून राहतात आणि नंतर हळूहळू बाहेर पडतात. फॉस्फेटसारखे पदार्थ गाळाला चिकटतात. पुरात गाळ ढवळला की तेही पुढे जातात.

महत्त्व :
शहराच्या खालच्या भागात मुसीच्या पाण्यावर चारा व भात पिकतो. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र जमिनीत उरतात. म्हणून तेथील शेतकऱ्यास उन्हाळ्यातील संहती महत्त्वाची आहे. मुसी ज्या कृष्णेस मिळते, तिच्यासाठी मात्र पुरातील भार विचारात घ्यावा लागतो.

अध्यापनासाठी सूचना :
हा फरक एखाद्या स्वच्छ ओढ्यावर दाखविता येतो. लाकडाचा तुकडा १० मीटर अंतर किती सेकंदांत कापतो ते मोजावे. आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढावा व त्यास पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावे. नमुन्याच्या प्रत्येक नोंदीशेजारी हा प्रवाह लिहावा. प्रवाहाची नोंद नसलेल्या आकड्यावरून नदीने काय वाहून नेले, हे सांगता येत नाही.