डावीकडच्या पडद्याचे दुखणे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची मुदत संपल्यावर ज्या कचेऱ्यांनी जुनी यंत्रे मोडीत काढून मेजावर लॅपटॉप आणि त्याच्या डाव्या हाताला मोठा मॉनिटर अशी व्यवस्था केली, तेथे कारकुनापासून साहेबापर्यंत कोणाला ना कोणाला हा अनुभव येणारच, की स्क्रीनशॉट घ्यावा एका पडद्याचा आणि हाती यावा दुसऱ्याचा, किंवा बैठकीचे रेकॉर्डिंग उघडावे तो नुसती काळी चौकट. अशा प्रसंगी यंत्र फॉरमॅट करण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो माझ्या मते सर्वथा त्याज्य आहे. कारण दोष बहुधा मांडणीत असतो.

हे मांडणीचे गणित मोठे मनोवेधक आहे. विंडोज सर्व पडद्यांचे मिळून एकच विस्तीर्ण क्षेत्र मानते आणि मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा हा त्याचा शून्यबिंदू ठरवते. सबब १९२० बिंदू रुंदीचा दुय्यम पडदा डावीकडे असला, तर त्याची आडवी गणना उणे १९२० पासून उणे १ पर्यंत चालते, आणि ज्या प्रोग्रामच्या कर्त्याने उणे अंकांची कल्पनाच केली नाही, त्याच्या लेखी तो पडदा अस्तित्वातच नसतो. मुख्य पडद्याच्या वर मांडलेल्या मॉनिटरचीही उभ्या गणनेत हीच गत होते. सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ व तेथून ‘डिस्प्ले’ उघडून डावीकडच्या पडद्याची चौकट उजवीकडे ओढावी, आणि मेजावरही तो उजवीकडेच ठेवावा, म्हणजे माउसची दिशा चुकत नाही. जागा नसेल, तर डावीकडच्यालाच मुख्य पडदा करावे.

निवडलेला भाग एक आणि टिपलेला भलताच, असे घडत असेल, तर लॅपटॉपचे स्केल १५० टक्के आणि मॉनिटरचे १०० टक्के आहे काय, हे पाहावे व तूर्त दोन्ही समान करून खातरजमा करावी.

काळ्या चौकटीचे कारण निराळे. पुष्कळ लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स चिप असतात. पडदा एकीच्या ताब्यात आणि ओबीएससारखा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम दुसरीवर, असे झाले की चित्र हाती लागत नाही. ‘डिस्प्ले’मधीलच ‘ग्राफिक्स’ या पानावर प्रोग्रामची चिप बदलून तो बंद करून पुन्हा सुरू करावा. मात्र स्वामित्वहक्काने संरक्षित चित्रपट काळा दिसतो तो हेतुपुरस्सर. तेथे दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही.

एवढे करूनही गुण न आल्यास तक्रार अवश्य गुदरावी; परंतु तीत मुख्य पडदा कोणता, प्रत्येकाचे स्केल किती आणि कोणती केबल कोठे जोडली आहे, हे स्पष्ट नमूद करावे.