पगार तर पूर्ण दिला, मग तक्रार कसली?

पत्रकाराने बातमीत स्वतःचे मत घुसवू नये, हे कोणालाही पटेल. पण काम संपवून घरी गेल्यावर, स्वतःच्या नावाने तो काही बोलला तर? त्यासाठी मालकाने त्याची भाकरी काढून घ्यावी काय? ऑस्ट्रेलियातील एका बाईने हा प्रश्न कोर्टात नेला. आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज कंत्राटावर राबतात, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

ॲन्टोनेट लॅटूफ या मूळच्या लेबनीज कुटुंबातील पत्रकार. डिसेंबर २०२३ मध्ये एबीसी या सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने त्यांना सिडनी रेडिओवर सकाळच्या कार्यक्रमासाठी बदलीवर घेतले. किती दिवसांसाठी? फक्त पाच! सोमवारी त्या कामावर आल्या आणि तक्रारींच्या ई-मेलचा मारा सुरू झाला. कार्यक्रमात काही चुकले म्हणून नव्हे. गाझातील युद्धाविषयी त्यांनी आधी मांडलेली मते काहींना सलत होती. मंगळवारी त्यांनी आपल्या इन्स्टाग्रामवर ‘ह्युमन राइट्स वॉच’चे म्हणणे पुढे पाठवले : इस्रायल उपासमारीचा हत्यारासारखा वापर करीत आहे. गंमत पाहा, हीच बातमी एबीसीनेही दिली होती! बुधवारी कार्यक्रम आटोपताच निरोप आला, उद्यापासून येऊ नका.

पगार मात्र पाचही दिवसांचा दिला. वर म्हणणे असे की, पैसे पूर्ण दिले, म्हणजे काढले कुठे? हा युक्तिवाद आपल्याकडच्या ठेकेदाराच्या तोंडीही शोभला असता! तेथील कामगार आयोगाने २०२४ मध्ये तो मानला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या कायद्यात कामगाराला कोणत्या कारणांवरून काढता येत नाही, त्याची यादीच आहे. वंश, रंग, धर्म, युनियनचे सभासदत्व आणि राजकीय मतसुद्धा. आपल्याकडे १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात संपादकाला सहा महिन्यांची आणि इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस होती. तेवढ्यात माणूस दुसरी नोकरी तरी शोधू शके. पण मतासाठी काढू नये, असे त्यात कोठे लिहिलेले नव्हते. पुढे वर्तमानपत्रांनी कंत्राटाचे कागद पुढे केले आणि मुदत संपली की नुसते ‘नूतनीकरण नाही’ म्हटले, तरी काम भागू लागले. आम्ही कारकून लोक हा शब्द चांगला ओळखतो.

निकाल २५ जून २०२५ रोजी लागला. वंशामुळे काढले, हे कोर्टाने मानले नाही. काढण्यामागच्या कारणांत त्यांचे राजकीय मत होते, हे मात्र मानले. त्यांची पोस्ट शहाणपणाची होती, असेही न्यायमूर्ती म्हणाले नाहीत. वरिष्ठांनी सबुरीचा सल्ला दिला होता, पण तो सल्लाच होता, हुकूम नव्हे. हुकूमच नाही, तर तो मोडला असे कसे म्हणणार? बाईंना ७० हजार डॉलर भरपाई मिळाली. सप्टेंबरमध्ये एबीसीला आणखी दीड लाख डॉलर दंड झाला.

खटला उभा राहण्याआधी लॅटूफ ८५ हजार डॉलरवर तडजोडीला तयार होत्या. संस्थेने ते नाकारले आणि वकिलांवर वीस लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. पैसा जनतेचा. निकालानंतर संस्थेच्या प्रमुखांनी माफी मागितली.