मुंगसाने धरलेली कोंबडी

दुपारच्या वेळी परसात एकाएकी कलकलाट होतो. कोणीतरी काठी घेऊन धावते, मुंगूस कुंपणातून पसार होते आणि कोंबडी तिथेच फडफडत पडते. "आता ही काही जगत नाही," असे म्हणून घरात सुरी शोधली जाते. ज्या घरी मीठमिरची आणि पोरांच्या वह्या अंड्यांच्या पैशांवर निघतात, तिथल्या बाईला हा निर्णय जिवावर येतो. माझे म्हणणे एवढेच, की रक्त थांबत असेल तर तो तासभर पुढे ढकलावा.

कारण कोंबडी निपचित पडते ती पुष्कळदा नुसत्या भीतीच्या धक्क्याने. तिच्या अंगाची नेहमीची उष्णता १०६ ते १०७ अंश फॅरनहाइट असते, म्हणून ती हाताला एरवी गरमच लागते. ती गार लागू लागली तर पहिले औषध म्हणजे ऊब. वाहत्या रक्तावर स्वच्छ फडके पाच मिनिटे दाबून धरा. मधूनमधून उचलून पाहू नका. मग तिला कोरड्या गोणपाटावर ठेवा, वर डालगे झाका आणि उबदार, अंधाऱ्या कोपऱ्यात, धुरापासून दूर, एकटी असू द्या. पोरांचा घोळका जवळ नको. पाय धरून उलटी टांगू तर मुळीच नका.

आणि तोंडात पाणी ओतू नका. शेवटच्या घटकेला पाणी पाजण्याची आपली रीत. तीच आपण कोंबडीलाही लावतो. पण तिच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. वाटीत थोडे गुळाचे पाणी समोर ठेवा, चोचीचे टोक बुडवा. शुद्धीवर असेल तर ती आपण होऊन पिईल.

ती जरा सावरली, की पिसे बाजूला सारून पाठ, मान, पंखांखाली आणि शेपटीखाली नीट पाहा. मोठी फाटलेली जखम दिसते तरी. घात होतो तो दाताच्या बारीक भोकांनी, विशेषतः बोक्याच्या. वरून ज्वारीच्या दाण्याएवढे भोक, आत मात्र खोल. १८८० च्या सुमारास लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या पटकीचे जंतू दुबळे करून लशीचा मार्ग दाखवला, हे शिक्षकमित्र वर्गात सांगत असतीलच. त्याच जातीचा जंतू पुष्कळ मांजरांच्या तोंडात असतो! म्हणून मांजराने धरलेली कोंबडी धडधाकट दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावी. ते औषध देतील, आणि किती दिवस तिची अंडी खाऊ नयेत हेही सांगतील, ते पाळावे.

जखम धुवायला अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सपाट चहाचा चमचा मीठ पुरे. भोवतालची पिसे कात्रीने कापा, उपटू नका. कातडी पातळ असते, फाटते. चुना, तंबाखू, फिनेल, रॉकेल हे काही नको. वरवरच्या ओरखड्यावर स्वच्छ हळद चालेल. खोल भोकात ती दाबून भरली तर तोंड बुजते आणि घाण आतच राहते. काम झाल्यावर आपले हात साबणाने धुवा.

माशीला मात्र विसरू नका. तिने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघतात, आणि पहिल्या दिवशी वाचलेली कोंबडी तिसऱ्या दिवशी किडे पडून जाते. डालग्यावर मच्छरदाणीचे कापड टाका, सकाळ-संध्याकाळ जखम पाहा.

सगळ्याच वाचतात असे नाही. पोट फाटून आतडी बाहेर आली, किंवा पाठ मोडून दोन्ही पाय लुळे पडले, तर तिला ताटकळत ठेवणे ही दया नव्हे. गळ्याखालची दाण्याची पिशवी फाटून प्यालेले पाणी जखमेतून गळत असेल, तर मात्र आशा सोडू नका. पशुवैद्य ती शिवू शकतात.

पहिले दोन दिवस कण्यांची मऊ पेज द्या. मुंगूस त्याच वाटेने पुन्हा येते, तेव्हा कुंपणातले भोक त्याच दिवशी बुजवा. दुसऱ्या कोंबड्या लाल दिसेल तिथे टोचतात. जखमेवर कातडी धरेपर्यंत तिला वेगळी ठेवा, पण इतरांना दिसेल अशी. मग एखाद्या दिवशी अंधार पडताना, सगळ्या बसल्यावर, तिला हळूच खुराड्यात सोडा. भर दिवसा सोडली तर घरच्याच कोंबड्या तिला परकी समजून झोंबतात.