कडेगावच्या ताबुतांच्या भेटीला

पितृपंधरवड्यात आपण गेलेल्या माणसांसाठी पान वाढतो, कावळ्याची वाट बघतो. ती आठवण ज्याच्या त्याच्या घरात राहते. पण अख्खं गाव रस्त्यावर येऊन गेलेल्यांची आठवण काढतं, असाही एक दिवस आपल्या सांगली जिल्ह्यात असतो. तो म्हणजे कडेगावचा मोहरम. आम्ही बचत गटातल्या बायका तो बघायला गेलो होतो.

मोहरम हा इस्लामी वर्षाचा पहिला महिना. त्याचा दहावा दिवस दुःखाचा, म्हणून त्या दिवशी शुभेच्छा देत नाहीत. इ. स. ६८० मध्ये आजच्या इराकमधल्या करबला इथं पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती लढाईत मारले गेले. त्याआधी त्यांचं पाणी तोडलं होतं, लेकरंसुद्धा तहानेनं व्याकूळ झाली होती. त्याची आठवण म्हणून या दिवसांत पाणी आणि सरबत वाटतात. हे वर्ष चंद्रावर चालतं, त्यामुळं मोहरम दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं येतो.

ताबूत म्हणजे इमामांच्या कबरीची प्रतिकृती. कडेगावात ते बांबूच्या कामट्या, सूत आणि रंगीत कागद वापरून बांधतात. मजल्यावर मजला असे १०० फुटांच्याही वर जातात. बांधायची रीत उलटी आहे, आधी कळस आणि मग पाया. सातभाई, हकीम, बागवान यांचे ताबूत असतात, तसे पाटील आणि देशपांडे यांचेही असतात. हिंदू-मुसलमान दोघंही खांदा देतात. एवढे उंच ताबूत डुलत डुलत समोरासमोर येतात, त्याला 'भेट' म्हणतात. त्या वेळी बघणाऱ्याचा श्वास अडकतो.

आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक दोन वर्षांमागं वारले. त्या यायला तयारच नव्हत्या. "चारचौघींत मी कशाला?" म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. संक्रांतीला त्यांना हळदी-कुंकवाचं बोलावणं गेलं नव्हतं, आणि ते आमच्याच घरांतून गेलं नव्हतं. बळंच आग्रह करून आम्ही त्यांना नेलं.

तिथं गर्दीत एका आजींनी त्यांच्या हातात सरबताचा पेला दिला आणि पुढं उभं केलं. कपाळाकडं कुणी बघितलं नाही. परत येताना ताई एवढंच म्हणाल्या, "आज मला कुणी मागं सर म्हणालं नाही." आमच्या माना खाली गेल्या.

करबलेची गोष्टही एका बाईनं जिवंत ठेवली. इमामांची बहीण जैनब कैद होऊन दमास्कसच्या दरबारात उभी राहिली आणि राज्यकर्त्या यझीदला तिनं तोंडावर सुनावलं. घरची माणसं गेली होती, तरी ती गप्प बसली नाही. आपण मात्र जिच्या घरात दुःख झालं, तिलाच कोपऱ्यात बसवतो.

हे बदलता येतं. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झालाय का, ग्रामपंचायतीत विचारा. झाला नसेल, तर ग्रामसभेत विषय मांडा.

कडेगावला जायचं असेल, तर लवकर जा, लेकरांचा हात धरून ठेवा, ताबूत डुलतात तिथून लांब उभ्या राहा. फातेहा चालू असताना शांत राहा. आणि गटातल्या जिला कुणी बोलवत नाही, तिला आधी हाक मारा.

आम्ही येत्या संक्रांतीचं पहिलं बोलावणं ताईंच्या घरी द्यायचं ठरवलंय.